पाळी सुटल्याची खूण

१

आमच्या खात्यात कुणी तोंडाने बोलत नसे. सुरतेजवळच्या उधन्याला मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. एकेका पत्र्याच्या शेडमध्ये इतके माग खडखडत असतात की शेजाऱ्याच्या कानाशी ओरडलं तरी त्याला फक्त आपल्या तोंडातल्या तंबाखूचा वास कळतो. म्हणून सगळं हाताने. थट्टा हाताने, शिव्या हाताने. दत्तूच्या पोरीचं लग्नसुद्धा दोन मागांच्या मधल्या बोळात हातवाऱ्यांनी ठरलं, आणि मानपानावरून मोडायला आलं तेही तिथेच.

खुणा पुष्कळ होत्या, पण मला सांगायचंय त्याला दोनच पुरेत. पहिली अशी: डोळ्याखाली बोट टेकायचं, मग ते आपल्या मागांकडे दाखवायचं, मग पंजा उघडायचा. म्हणजे ‘माझे माग बघ, मी आलोच.’ समोरच्याने मान हलवली की तो बांधला गेला. पहिला परत येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही, मग पोटात कळ येवो की घरून बोलावणं येवो. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान शालिग्राम, या बाबतीत फार कडक. एकदा बळीराम विडी ओढायला म्हणून गेला आणि सिनेमा बघून आला. दाजी त्याचे आणि आपले असे सगळे माग सांभाळत तिथेच. तो आल्यावर त्याला हाताने जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही, पण जागा सोडली नव्हती.

दुसरी खूण पाळी सुटल्याची. घंटा कुणाला ऐकू येणार? म्हणून दारातला कारीगर दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटावर मनगट ठेवी. ज्याला दिसलं त्याने तसेच हात वर करायचे आणि ते पुढच्याला द्यायचं. पार शेवटच्या मागापर्यंत हात वर होत जात. मग सगळे निघत.

२

सत्त्याण्णव सालचा मे महिना. वीज बंद असायचा वार, त्यामुळे खात्याला सुट्टी. दाजींच्या धाकट्या बहिणीचं, धनश्रीचं, लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी होतं. वडील नाहीत, त्यामुळे कन्यादान दाजी आणि ताईनेच करायचं. दुपारच्या भुसावळ पॅसेंजरने दोघं निघणार होती. मी मागे राहणार होतो, कारण त्यांचे माग मलाच चालवायचे होते.

असल्या दिवशी कुणी शहाणा माणूस मासे धरायला जात नाही. पण लग्नघरात आठवडाभर वरणभात खावा लागणार या विचाराने दाजी कासावीस झाले होते. आणि मला माशांचं फक्त निमित्त लागतं. मला पाखरं बघायची असतात. जुन्या बाजारातून घेतलेली एक दुर्बीण आहे माझ्याकडे. तिचा एक डोळा धुरकट आहे, पण दुसऱ्याने भागतं.

ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“योगराज, गाडी येवाना आत यासले घर आन. कन्यादानना टाईमले भाऊ नही म्हनजे मनी नणंदनं तोंड कशी देखू मी?”

“आनस ना ताई. शब्द दिन्हा,” मी म्हणालो.

“तुना शब्द माले माहीत शे. पाखरू दिसनं का तू बहिणले बी इसरस.”

हे खोटं नव्हतं. मी लूनाला किक मारली, दाजी मागे बांबूच्या काठ्या धरून बसले, आणि पांडेसरा, सचिन ही गावं मागे टाकत आम्ही मिंढोळेच्या खाडीकडे निघालो. वाटेत तारेवर नीलपंख दिसला. मी इतका खूश झालो की लूना जवळजवळ गटारात घातली.

३

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती. काय सांगू, चिखल नुसता जिवंत होता. निवट्या मासळ्या टुणटुण उड्या मारत होत्या. शेकाटे आपल्या गुलाबी तंगड्या उचलत पाण्यात चालत होते. पार वरच्या अंगाला तिवरांच्या कडेने जाळी बांधायचे जुने खुंट उभे होते, आणि जवळजवळ प्रत्येक खुंटावर एकेक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. आधी तिथे एवढे खुंट पाहिल्याचं मला आठवेना. पण खुंट कोण बघतं? मी पाणकावळे बघत होतो.

खात्यातून आल्यावर खाडीवरची शांतता पहिल्यांदा सहनच होत नाही. कानात माग चालूच राहतात. दाजींना तर डाव्या कानाने तसंही कमीच ऐकू येतं. त्यांनी गळाला गांडूळ लावलं, तंगूस पाण्यात सोडली आणि उकिडवे बसले.

“तू पाखरे देखाले येस का मासा धराले?” ते मला म्हणाले.

“दाजी, तुम्हीन धरा. मी खाईसन मदत करसू.”

तेवढ्यात मला समोरच्या काठावरचा माणूस दिसला. खाडी तिथे अरुंद आहे, दगड फेकला तर पलीकडे पडेल एवढी. पाण्याच्या अगदी कडेला तो उकिडवा बसला होता, अंगात मळकी बनियन, हातात काठी. मी दुर्बीण लावली ती त्याच्यासाठी नाही. त्याच्या काठीच्या टोकावर खंड्या बसला होता म्हणून.

मी श्वास रोखला. खंड्याने पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला. काठीवर नाही बसला. त्या माणसाच्या गुडघ्यावर बसला आणि मासा तिथेच, त्याच्या गुडघ्यावर, दोन्ही बाजूंनी आपटून आपटून मारला आणि गिळला. माणसाने गुडघा हलवला नाही.

“दाजी, देखा. देखा तं खरं. खंड्या त्याना आंगवर बठना.”

असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाखरं माणसाला एवढी सरावतात, तर हा किती वर्षं असाच येऊन बसत असेल, असा विचार मी केला आणि मला त्याचा हेवा वाटला.

४

दाजींनी मान वर केली. त्याच वेळी समोरच्याने त्यांच्याकडे पाहिलं.

त्याने डोळ्याखाली बोट टेकलं. मग ते आपल्या काठीकडे केलं. मग पंजा उघडला.

मला हसूच आलं. म्हटलं, हा तर आपलाच निघाला, कुठल्या तरी खात्यातला कारीगर. सुट्टीच्या दिवशी खाडीवर येऊनही गड्याचे हात काही सुट्टीवर नाहीत. आणि दाजींनी, विचार करायला वेळ न घेता, रोज खात्यात हलवतात तशी मान हलवली.

माणूस उठला. त्याने काठी चिखलात रोवली आणि वळून तिवरांत शिरला. जाताना त्याचे पाय चिखलातून निघताना आवाज यायला हवा होता. वारा नव्हता, मला निवट्यांच्या उड्यासुद्धा ऐकू येत होत्या. आवाज आला नाही. मी स्वतःला म्हटलं, योगराज, तुझे कान खात्याने खाल्लेत, तू कशाला आवाजांचा हिशोब करतोस.

मला तेव्हा भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर माझं लक्ष त्या खंड्याकडे होतं. तो आता खाडी ओलांडून आमच्याकडे येत होता.

५

तो दाजींच्या काठीवर बसला.

माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या पाठीवरचा निळा रंग असा होता की आमच्या शेजारच्या रंगाई मिलने तसा काढून दाखवावा. मी पापणी हलवत नव्हतो. मग एक ढोकरी चिखलातून चालत आली, दाजींच्या मांडीला घासून पुढे गेली, परत फिरली आणि त्यांच्या पायावर उभी राहून पाण्यात बघू लागली. मग आणखी एक बगळा आला. मी आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. माझ्या मनात आलं, दाजींना असंच बसवून ठेवावं आणि उद्यापरवा सगळ्या चाळीला दाखवायला आणावं.

मी सावकाश पाय सरकवला. सगळी पाखरं एकदम उडाली आणि थोडी लांब जाऊन बसली.

मग दाजींनी जांभई दिली, चांगली मोठ्याने, आणि डोकं खाजवलं. पाखरं परत आली. डोकं खाजवणाऱ्या हाताच्या कोपराजवळूनच ती ढोकरी चालत आली.

मी पुन्हा हात हलवला. उडाली. दाजी खोकले. आली.

म्हणजे ती मला माणूस म्हणून ओळखत होती. त्यांना ओळखत नव्हती.

६

ऊन वर आलं आणि भरती सुरू झाली. दाजींच्या टाचांना पाणी लागलं.

“दाजी, चला. ताई वाट देखत व्हई.”

“तो येवाना शे ना. मी हा म्हनेल शे.”

“कोन तो? दाजी, त्या काय माग शेत का? काठी शे, काठी.”

“ये तवलोंग मी कसा उठू?” त्यांनी हे अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं, समोरच्या काठीवरची नजर न काढता.

मी आधी चेष्टा केली. मग विनवणी केली. मग चिडलो. पाणी त्यांच्या पोटऱ्यांवर चढलं तेव्हा मी मागून काखेत हात घालून त्यांना उचलायला गेलो. दाजी म्हणजे किडकिडीत माणूस, होळीला मी त्यांना खांद्यावर घेऊन नाचलोय. जमिनीत पुरलेल्या खुंटासारखे ते जागचे हलले नाहीत. अंग गार लागत होतं, आणि उन्हात बसलेल्या माणसाचं अंग गार लागू नये.

मी मनाशी सगळं पडताळून पाहिलं. पाय चिखलात रुतलेत, म्हणून हलत नाहीत. पाण्यात बसलेत, म्हणून गार. पाठोपाठच्या पाळ्या केल्यात, म्हणून डोकं जागेवर नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. पण भरती उत्तरं ऐकायला थांबत नाही, आणि दाजींना पोहता येत नव्हतं.

त्या माणसाला शोधून आणणं एवढंच राहिलं होतं. वरच्या अंगाला एक दगडी बांध आहे, त्यावरून मी पलीकडे धावलो.

७

पलीकडे कुणी नव्हतं. तिवरांत वाट नव्हती, माणूस शिरेल अशी फटही नव्हती. तो बसला होता तिथे चिखल गुळगुळीत होता, आणि त्या चिखलावर पाखरांच्या विष्ठेचा पांढरा थर वाळला होता. पाखरं ज्या जागी वर्षानुवर्षं बसतात तिथे असतो तसा. फक्त मधे दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती.

त्याच्या काठीला बोटभर हिरवं शेवाळ होतं. तंगूस पाण्यात ताणलेली होती, जड काहीतरी लागल्यासारखी. मी ती ओढून पाहिली नाही. मला विचारलंत तर अजूनही तेच करीन.

मी वळलो. समोर दाजी कमरेपर्यंत पाण्यात होते आणि त्यांच्या खांद्यावर बगळा उभा होता. मी हाका मारल्या. आता समुद्राकडून वारा सुटला होता, माझा आवाज माझ्याच तोंडात परत येत होता. आणि मग मला सुचलं. सुचल्याबरोबर मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. समोरचा परत आला नाही तरी कबूल केलेल्या जागेवरून कारीगर एकाच वेळी उठतो: पाळी सुटली की. मग कुणाचे माग, कुणाचे काय, सगळे घरी.

मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटावर मनगट ठेवलं.

दाजींनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उमटली. बगळा दचकून उडाला. त्यांनी काठी सोडली आणि उठले, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले. मला वाटलं मला उत्तर देतायत. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ते वरच्या अंगाला बघत होते, जिथे पाणकावळे बसले होते. रीतच आहे ती. खूण पुढच्याला द्यायची.

८

आधी एक पाणकावळा उडाला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, ओळीने, तिवरांच्या कडेने वळणापर्यंत. मग सगळ्या खाडीवरची पाखरं एकदम उठली. बगळे, शेकाटे, टिटव्या, मला न दिसलेली कितीतरी, आभाळ पांढरं-काळं झालं आणि पंखांचा असा आवाज झाला की कानातले माग पहिल्यांदाच बंद पडले. एवढी पाखरं एका वेळी मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. माझ्या अंगावर काटा आला तो आधी आनंदाने आला.

पाखरं वर गेली आणि खालचा काठ मोकळा दिसला. जिथे खुंट होते तिथे हात वर झाले होते. मनगटावर मनगट. एक जोडी, तिच्यापुढे आणखी एक, वळणाच्या पलीकडेही पाणी हलत होतं.

मी पुढे पाहिलं नाही. बांधावरून कसा आलो, दाजींना कसं ओढलं, लूना कशी चालू झाली, काही आठवत नाही. सचिन गाव येईपर्यंत दाजींचं अंग माझ्या पाठीला गरम लागायला लागलं. मला रडू फुटलं.

“योगराज,” ते मागून म्हणाले, “मासा तं एक बी नही भेटना. भूक लागनी भो.”

ते माझे दाजीच होते. त्यांना झोप लागल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

९

ताईने आम्हाला दोघांनाही धारेवर धरलं, पण गाडी अजून यायची होती. उधन्याच्या फलाटावर लग्नसराईची गर्दी होती. मी ट्रंक उचलून पुढच्या टोकाला गेलो आणि तिथे खाडीतले ते सगळे उभे होते.

बनियनवर, अनवाणी. ऊन रणरणत होतं आणि त्यांच्या पायाखाली फरशी ओली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चहावाला त्यांच्यामधून गेला पण त्याने त्यांना चहा विचारला नाही. एक कावळा एकाच्या डोक्यावर बसायला गेला, मग काहीतरी कळल्यासारखा बिचकून उडून गेला. मी कितीही घाबरलो असलो तरी एक सांगतो: त्यांचे चेहरे आनंदी होते. गावी निघालेल्या माणसांचे असतात तसेच, गाडीच्या दिशेने माना वळवलेले. पाळी सुटल्यावर माणूस दुसरीकडे कुठे जाणार?

गाडी आली. ताई आणि दाजी चढले, त्यांच्या मागून ते चढले. मी खिडकीशी धावलो.

“ताई, उतर. दुसरा डबामा बस.”

“वेडा व्हयना का? आठे किती चांगली जागा भेटनी. हाई लोके आंग चोरीसन बसनात.” तिने शेजारच्यासाठी पिशवी मांडीवर घेतली. “त्यासले कोठे उतरनं शे काय माहीत. कोनीच बोलत नही.”

गाडी सुटली. मी फलाट संपेपर्यंत धावलो. ताईला वाटलं भावाला माया आली. ती पदराने डोळे पुसत हात हलवत राहिली.

१०

लग्न छान झालं. धनश्रीचं कन्यादान दाजींनी वेळेवर केलं. ताईला मी प्रत्येक भेटीत गाडीतल्या त्या लोकांबद्दल विचारतो, आणि ती प्रत्येक वेळी चहा ठेवायला उठते. एकदाच बोलली, तेही माझ्याकडे पाठ करून.

नंदुरबार, दोंडाईचा, जिथे जिथे गाडी थांबली तिथे त्यांच्यातले उतरत गेले, असं ती म्हणाली. अमळनेरला एकजण ताई-दाजींबरोबर उतरला. बैलगाडीच्या मागे मागे चालत गावात आला. ताईला वाटलं, नवऱ्या मुलाकडचा पाहुणा असेल. वेशीजवळ त्याने एका घराची कडी वाजवली. भागीरथी काकूंचं घर. त्यांचा नवरा सुरतेला खात्यात कामाला गेला होता आणि परतला नव्हता. गावाने किती वाट पाहायची, म्हणून शेवटी त्याचे दिवसही घातले होते. आतून म्हातारीने आला का म्हणून विचारलं, “उना का?” आणि दार उघडल्याचं ताईने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भागीरथी काकू अक्षता टाकायला मांडवात आल्या. बायका त्यांना बघून बाजूला झाल्या. त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता.